मावशीकडे जायची तयारी

माझ्या वडिलांचं आणि डासांचं नातं सरकारी होतं. आबा हिवतापाच्या फवारणीवर मुकादम होते. खाकी कपडे, हाताखाली चार गडी, दोन पंप आणि डीडीटीची पोती घेऊन ते शिरोळकडच्या उसाच्या गावांतून हिंडायचे, घरोघरच्या भिंती फवारायचे आणि निघताना दारावर गेरूनं तारीख टाकायचे. तारीख टाकली की ते घर त्यांच्या लेखी माणसांनी राहण्याजोगं झालं. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या दारावर अशा तारखा एकाखाली एक इतक्या झाल्या होत्या, की नवा माणूस आला की आधी दार वाचत उभा राहायचा आणि मग आत यायचं की नाही ते ठरवायचा.

तसे आबा चिडके नव्हते. गल्लीत गरीब माणूस म्हणूनच ओळखले जायचे. फक्त किडा म्हटला की त्यांच्या अंगात यायचं. त्यांचा पाठचा भाऊ लहानपणी थंडीतापानं गेला, आणि तो ताप डासानं आणला होता हे त्यांना नोकरीला लागल्यावर कळलं. तेव्हापासून त्यांनी जे मनावर घेतलं ते घेतलंच. चावणारं जे जे काही आहे ते आपल्याच घरावर टपून बसलंय असं ते धरून चालायचे.

आईला माहेर म्हणून एकच घर उरलं होतं, थोरल्या बहिणीचं. आईवडील गेलेले, भाऊ नव्हताच. ही आमची मावशी राधानगरीच्या पुढं राहायची. धरण मागं टाकून दाजीपूरच्या रस्त्याला उतरायचं आणि आत तासभर चालायचं, की जंगलाला टेकलेली सहा घरांची वाडी. नवरा गेल्यावरही ती तिथंच राहिली, भाताचं एक खाचर आणि एक म्हैस धरून. आई तिथं शेवटची गेली होती ती स्वतःच्या लग्नाआधी. मी सांगतेय ती गोष्ट सत्तर सालानंतरची, दुष्काळाच्या आधीची. तेव्हा माझी ताई तेरा वर्षांची होती आणि मी अकरा, म्हणजे आईला माहेर बघून किती वर्षं झाली होती ते तुम्हीच बघा.

दर दिवाळीला मावशीच आमच्याकडं यायची. डोक्यावर बोचकं, त्यात नाचणी, वाळवलेली आमसुलं आणि कापडाच्या बोळ्यानं तोंड बंद केलेली मधाची एक उंच बाटली. ती असेपर्यंत चार दिवस आई आमची आई नसायचीच. सकाळी उशिरा उठायची, मावशीकडून वेणी घालून घ्यायची, कशालाही हसायची. आम्हाला ते आवडायचं आणि थोडा रागही यायचा. तो मध आबा वर्षभर पुरवायचे. रोज सकाळी कोमट पाण्यात एक चमचा, खोकल्यावर. जंगलाबद्दल त्यांचं एवढ्या एका बाबतीत चांगलं मत होतं.

जाताना मावशी उंबऱ्यात थांबून दरवर्षी एकच वाक्य म्हणायची, की यंदा तू ये की गं. आई आबांकडं बघायची. आबा म्हणायचे, बघू, तिकडं चावतं लई. काय चावतं ते ते सांगायचे नाहीत. नुसतं चावतं. ताईच्या वेळी बाळंतपणाला जायचं ठरलं होतं, तेही या चावण्यापायी राहिलं. आई सासरीच बाळंत झाली आणि मावशीच इकडं येऊन महिनाभर राहिली.

मग एका दिवाळीला मावशी आली, चार दिवस राहिली, बोचकं उचललं आणि येते म्हणून निघून गेली. उंबऱ्यात थांबलीच नाही. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आई मात्र दारात तशीच उभी राहिली. मग आत येऊन चुलीपुढं बसली आणि त्या दिवशी काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आबांना वाटलं, भाऊबीजेच्या साडीवरून रुसलीय. ते साडीबद्दल काहीतरी समजावू लागले, तेव्हा ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "औंदा तिनं बोलावलं न्हाय. म्होरल्या वर्षी ती यायची न्हाय. मग मला माहेर हाय म्हणून कुणाला सांगू?"

माझ्या आईनं आबांना उलट बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि हे तर उलट बोलणंही नव्हतं. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, मे महिन्यात जाऊ. आई काही म्हणायच्या आत त्यांनी जोडलं, पण तयारी करून.

त्या तयारीला सहा महिने लागले. ऐकणाऱ्याला वाटावं आम्ही लढाईवर चाललोय. आबांनी दोनशे पानी वही आणली आणि राधानगरी-दाजीपूरकडं फिरतीवर गेलेला जो जो भेटेल त्याला विचारून तिकडं काय काय चावतं ते लिहून काढलं. पावसाळ्यात जळवा, त्या पायातनं चढतात. थंडीत गवतातनं गोचीड. उन्हाळ्यात गोमाशी, ती कापडावरनं चावते. बारमाही डास, पिसवा, मुंगळे, गांधीलमाशी. प्रत्येकापुढं उपाय लिहिलेला. जळवांना मिठाची पुरचुंडी, गोचिडाला रॉकेलचा बोळा, गांधीलमाशीला चुना. मे महिन्यात जळवा नसतात हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, तरी मिठाच्या चार पुरचुंड्या आईनं बांधायच्याच होत्या. मी विचारलं तर म्हणाले, जळवांना कुठं कॅलेंडर हाय.

आई या सगळ्याला हो म्हणत गेली. आबांच्या जुन्या खाकी प्यांटी फाडून तिनं आम्हा चौघांना गुडघ्यापर्यंतचे मोजे शिवले. खाकी मोजे, वर नाडी. मच्छरदाणीला अस्तर लावलं. ताईनं मोजे घालणार नाही म्हणून तोंड फुगवलं तर आईनं तिला अशी काही दटावली की ताई रडली. मला कळेना हिला झालंय काय. ह्या बाईला मोजे शिवायला सांगितले तर मोजे शिवेल, शेपूट लावून चल म्हटलं तर शेपूटही लावेल, फक्त मे महिना पुढं ढकलू नका, एवढंच तिचं चाललं होतं. ते मला पुढं उमगलं. तेव्हा मी तिच्यावर चिडूनच होते.

रंकाळ्याचा प्रकार तर मी विसरूच शकत नाही. कुठलं तेल जास्त चालतं ते पाहायला आबा आम्हाला एका संध्याकाळी रंकाळा तळ्याच्या काठी, गवतापाशी घेऊन गेले. ताईच्या डाव्या पायाला करंजेल, उजव्याला कडुनिंबाचं तेल. आईच्या एका हाताला तंबाखूचं पाणी, दुसऱ्या हाताला लिंबू. माझ्या अंगाला काहीच नाही, कारण तुलनेला एक कोरी पोरगी पाहिजे होती. आम्ही तिघी रांगेत बसलो, हलायचं नाही असा हुकूम. आबा वही घेऊन समोर. लोक भेळ खात फिरायला आलेले, ते आमच्याकडं बघून जरा लांबनं जायला लागले. एक बाई मात्र जवळ आली आणि तिनं आईला हळूच विचारलं, पोरीला बाहेरचं काय झालंय का. आई म्हणाली, न्हाय, आम्ही माहेरला जाणार हाय. बाई गप निघून गेली. करंजेल पहिलं आलं. मला एकोणीस ठिकाणी डास चावले होते आणि आबा खूश होते.

उपाय ठरला तरी आबांचं समाधान होईना. अंगाला तेल लावून माणूस किती दिवस राहणार? घरच सुरक्षित पाहिजे. राधानगरीकडच्या टोळीचा मुकादम त्यांच्या ओळखीचा होता. तिकडची फवारणी जूनमध्ये व्हायची होती. आबांनी त्याला चिठ्ठी लिहिली, की वाडीतलं एक घर आमच्या मेहुणीचं आहे, ते आमच्या येण्याआधी आठ दिवस फवारून टाका. मला ती चिठ्ठी पाठ आहे, कारण माझं अक्षर चांगलं म्हणून ती त्यांनी मलाच लिहायला सांगितली होती. 'आतून आणि बाहेरून, वळचणीसकट. एक कोपरा सुटता कामा नये. माझी पोरं जाणार आहेत.'

चिठ्ठी पाकिटात घालायच्या आधी त्यांनी आईला विचारलं होतं. हे मला सांगायलाच पाहिजे, कारण कामात आबा कधी हयगय करत नव्हते. फवारणीच्या आधी घरातलं धान्य, पाणी, दूध झाकायला लावायचं, जनावरं बाहेर काढायची, हा नियमच होता. ते म्हणाले, ते सगळं गडी बघतील, पण तुझ्या आक्कांच्या घरात आणखी काय झाकण्यासारखं हाय का, भिंतीला, वळचणीला, कुठं? आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिच्या घरात काय असणार? एक कणगी आन एक चूल. करा की."

तिचा चेहरा तेव्हा इतका खुलला होता, की मलाही बरं वाटलं. घर एकदा फवारून झालं म्हणजे आबांना मागं फिरायला सबब उरणार नव्हती.

मावशीला वेगळं कार्ड टाकलं, माणसं येतील, त्यांना त्यांचं काम करू द्यावं, आम्ही अमुक दिवशी येतोय. मावशीला वाचता येत नव्हतं. वाडीत एका पोराला वाचता यायचं, त्यानं ते वाचून दाखवलं असणार.

मे महिन्यात आम्ही खरोखर निघालो. आईनं दशम्या केल्या, भडंग केलं, बहिणीसाठी गुळाची एक आख्खी ढेप घेतली आणि एक हिरवं लुगडं. पहाटे आबांनी चौघांना करंजेलानं माखलं, वर खाकी मोजे. एस.टी.त आमच्या पुढचं बाकडं रिकामं झालं, मग मागचं. कंडक्टरनं तिकिटं फाडून लांबूनच हात पुढं केला. आई खिडकीशी बसली होती. धरण आलं तसं तिनं पदर नीट केला, मग पुन्हा केला, मग उगाच माझे केस सारखे केले.

उतरून तासभर चाललो. जांभळं गळून पडलेली, करवंदांच्या जाळ्या, मोठी दाट सावली. आबा पुढं, हातात वही. आम्हाला वाटेत काहीसुद्धा चावलं नाही. एक मुंगी ताईच्या मोज्यावर चढली आणि तेलाला चिकटून बसली, तेवढंच. आबा दर थोड्या वेळानं वळून विचारायचे, काय? आम्ही म्हणायचो, काय न्हाय. सहा महिने तयारी केलेल्या माणसाची जरा निराशाच होत होती.

मावशी अंगणात उभीच होती. आई पळत गेली. माझी आई पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, खाकी मोज्यांत. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि करंजेलाच्या वासानं मावशीला शिंका आल्या. आबा सरळ दारापाशी गेले. दारावर गेरूनं तारीख होती. त्यांनी ती वाचली, भिंतीवरनं बोट फिरवलं, पांढरी पूड बघितली आणि म्हणाले, काम चोख केलंय गड्यानं.

हातपाय धुवायला ताई आणि मी घराच्या मागं गेलो. तिथं भिंतीकडेला एक सूप ठेवलं होतं. काळपट, तपकिरी काहीतरी भरून. मला वाटलं नाचणीचा कोंडा असेल. हात घातला तर ते हलकं, सुकं आणि किंचित केसाळ लागलं. मेलेल्या मधमाश्या होत्या. सूप शिगोशीग भरलं होतं. खाली जमिनीवर आणखी होत्या, झाडून एका ओळीत केलेल्या. मी ओरडले, आणि सगळे मागं आले.

मग समजलं. मागच्या जाड मातीच्या भिंतीत ओळीनं सहा कोनाडे होते. आतल्या बाजूनं फळ्या लावून बंद केलेले, बाहेरच्या बाजूला फक्त बोटभर भोक. नवरा गेल्यावर मावशीनं एकेक करून मधमाश्या वसवल्या होत्या. कणगीतलं भात पावसापर्यंत पुरायचं, पुढचे चार महिने ती या भिंतीवर, मध विकून काढायची. आम्ही इतकी वर्षं जो मध चाटत होतो तो जंगलातला नव्हता, तिच्या घरातला होता. आम्ही कधी विचारलं नाही, आणि तिनंही आपणहून कधी सांगितलं नाही. आपल्या घरी आलेल्या माणसाला घर दाखवतात, दुसऱ्याच्या घरी जाऊन कुणी आपल्या भिंतीचं वर्णन करत बसत नाही.

मावशीनं झालं ते थोडक्यात सांगितलं. तिनं गड्यांना मागची भिंत सोडा म्हणून सांगितलं होतं. ते म्हणाले, चिठ्ठीत आतनं-बाहेरनं लिहिलंय. मग तिनं भोकांवर ओलं गोणपाट लावलं आणि ते भिंत फवारून गेले. संध्याकाळी गोणपाट काढलं. माश्या बाहेर आल्या, गेल्या, परत आल्या, आणि भोकात शिरायच्या आधी सवयीनं भिंतीवर टेकल्या. तीन दिवस पडत होत्या म्हणाली.

आईनं ओळीतली एक माशी उचलून तळहातावर घेतली. ती म्हणाली, "तू अडवायचं न्हाईस व्हय गं त्यास्नी?"

मावशी सूप उचलत होती. ती सहज म्हणाली, "अडवलं आसतं तर तू आली नसतीस."

मला आबांचा इतका राग आला की तसा पुढं आयुष्यात कुणाचाच आला नाही. आणि लगेच आठवलं, अक्षर माझंच होतं. 'एक कोपरा सुटता कामा नये' हे मी चांगलं वळणदार काढलं होतं, वर रेघ मारून. आई त्या भिंतीपाशी खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मावशी तिला उठवून आत घेऊन गेली, जसं काही नुकसान आईचंच झालं होतं.

आबा तिथंच उभे होते. त्यांनी वही उघडली. का उघडली कुणास ठाऊक. चावणाऱ्या किड्यांच्या यादीत मधमाशी होती. पंधरावी. पुढं उपाय लिहिला होता, काटा काढून चुना लावणे. त्यांनी वही मिटली आणि बंडीच्या आत घातली. ती मी पुन्हा पाहिली नाही.

दुपारी पानं वाढली. तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, आणि आबांच्या पानात कडेला वाटीभर मध. फवारणीच्या आधी दोन कोनाड्यांतला मध मावशीनं काढून घेतला होता, त्यातला. आबांचा हात पुढं होईना. मावशीनं वाटी जरा पुढं सरकवली आणि म्हणाली, "खावा की पावणं. ह्यो आधीचा हाय." ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर आबांना तो घास गिळता आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर आबा मागच्या भिंतीपाशी. अंगात बंडी, हातात खुरपं. डीडीटी भिंतीवर किती महिने टिकते हे त्यांच्याइतकं त्या तालुक्यात कुणाला माहीत नव्हतं. लोकांना ते अभिमानानं सांगायचे. आता ते भिंतीचा वरचा थर बोट-बोटभर खरवडून काढत होते. ती माती पाटीत भरून लांब, ओढ्यापासून उलट्या अंगाला नेत होते आणि खड्ड्यात पुरत होते. मावशी नको म्हणाली. वाडीतली माणसं येऊन बघून गेली. आम्हाला त्यांनी भिंतीला हात लावू दिला नाही, फक्त तांबडी माती, भाताचा पेंढा आणि शेण कालवायला घेतलं. ताई आणि मी पायांनी चिखल तुडवला. मोजे कुणीच घातले नव्हते आणि कुणी आठवणही काढली नाही.

तीन दिवस आम्ही राहणार होतो, तिन्ही दिवस त्यांनी भिंतच केली. त्यांना गिलाव्याचं काम येत नव्हतं. भिंत वाकडीतिकडी झाली, कोनाड्यांपाशी फुगे आले. मावशी मागनं हात फिरवून सारखं करायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पाटी घेऊन गेले तर आबांच्या खांद्यावर एक मोठी गोमाशी बसली होती, चांगली रुतून. रक्ताचा थेंब आला होता. उन्हाळ्यात गोमाशी, कापडावरनं चावते. मी म्हटलं, आबा, गोमाशी बसलीय.

"असू दे," आबा म्हणाले आणि माती लिंपत राहिले.

निघायच्या दिवशी मावशीनं आईला पाटावर बसवून ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड. आईनं नेसलेलं लुगडं मावशीचंच होतं, येताना नेसलेल्या साडीला तेलाचा वास येतो म्हणून. बाटली यावेळी नव्हती आणि ती मागायची कुणाची छाती नव्हती. आबा पुढं कितीतरी सकाळी नुसतं कोमट पाणी प्यायले. खोकत राहिले, पण दुकानातला मध त्यांनी घरात आणू दिला नाही.

पायवाटेला लागलो. मावशी अंगणाच्या कडेपर्यंत आली. आई चार पावलं पुढं गेली असेल, तेवढ्यात मावशीनं मागनं हाक मारली.

"म्होरल्या वर्षी ये की गं."

आई थांबली. मी सवयीनं आबांकडं बघितलं. ताईनंही बघितलं. आईनं बघितलं नाही. ती मागं वळून मावशीला म्हणाली, येते. आबा पुढं उभे होते, हात मागं नेऊन खांदा खाजवत.